शिक्षकाचा दिवस तुकड्यांत जाऊ देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातपुड्याच्या पायथ्याची सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, तुम्ही तिथल्या मुख्याध्यापिका, तुमच्यासह सहा शिक्षक. एक बाई सारख्या आजारी पडतात. एक अनुभवी सर अलीकडे मुलांवर फार ओरडतात आणि कशातच मन घालत नाहीत. सगळ्यांत उमेदीचा तरुण शिक्षक म्हणतो, 'माझ्याने मुलांचं काही भलं होत नाही, नोकरी सोडतो.' तुम्ही ध्यानाचे शिबिर ठेवले, सगळे शांत बसले, सोमवारपासून पुन्हा तेच. 'माझ्या अधिकारात नेमके काय आहे?' असे तुम्ही विचारता.

मी खान्देशात आधी शिक्षिका, मग मुख्याध्यापिका आणि पुढे बरीच वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची प्रमुख, होते. आता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुख्याध्यापकांबरोबर शिक्षकांच्या थकव्याच्या याच विषयावर काम करते. पगार, बदली, रिक्त पदे यांतले काहीच तुमच्या हातात नाही, हे खरे. पण शाळा भरल्यापासून सुटेपर्यंतचा शिक्षकाचा दिवस कसा जाईल, हे बरेचसे तुम्ही ठरवू शकता. माझे ठाम मत आहे की दिवसभर मुलांना शिकवून शिक्षक जेवढा दमत नाही, तेवढा शिकवणे अर्धवट सोडून सोडून दमतो.

तुमच्या तिघांकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या या थकव्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, व्याख्या केली. त्याला त्यांनी आजार म्हटलेले नाही. कामावरचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही की जी अवस्था येते ती, असे म्हटले आहे. तिच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातली शक्ती संपणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागणे. तुमच्या बाई, तुमचे सर आणि तुमचा तरुण शिक्षक या तिन्ही खुणा एकेक करून दाखवत आहेत. म्हणजे तिघांना तीन वेगळे प्रश्न नसून शाळेच्या कामाची रचनाच तपासायची वेळ आली आहे. ध्यानाच्या शिबिराने काही हलले नाही ते यामुळेच.

एका वर्गात मी मागच्या पट्टीवर बसले होते, तेव्हाचे सांगते. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. बाईंनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून मुलांपुढे ठेवले होते. एक गठ्ठा सोडायचा, त्यातल्या काड्या सुट्यांत मिसळायच्या, मग वजा करायचे. मुले अगदी त्या टोकावर आली होती. तेवढ्यात पोषण आहाराच्या तांदळाची गाडी आली. कट्टे मोजून घ्यायला बाई बाहेर. परत येऊन गठ्ठा हातात घेतला तोच फोन: एका मुलीचे आधारवरचे नाव आणि पोर्टलवरचे नाव जुळत नाही, आत्ता दुरुस्त करा. मग ग्रामपंचायतीचा माणूस सहीसाठी दारात उभा. शेवटी बाईंनी फळ्यावर पाच उदाहरणे लिहून दिली आणि खुर्चीत बसल्या. पहिल्या रांगेतली पोर अहिराणीत म्हणाली, 'बाई, आज तुम्हनं ध्यान नही शे.' म्हणजे आज तुमचे लक्ष नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवशी त्यांनी कुणापेक्षा कमी काम केले नव्हते. फक्त ज्या कामासाठी त्या शिक्षिका झाल्या, तेवढेच राहून गेले होते.

म्हणून पहिले काम हे करा. प्रत्येक शिक्षकाला आठवडाभर एक साधा कागद द्या. तासातून कशासाठी उठावे लागले आणि शाळा सुटल्यावर घरी काय करावे लागले, एवढेच दोन रकाने. नाव लिहायचे नाही, वर पाठवायचे नाही, फोटो काढायचा नाही. आठवड्याने सगळे कागद टेबलावर पसरून एकत्र वाचा. बहुतेक शाळांत दिसते की निम्मी कामे शाळेबाहेरून येतात आणि उरलेली शाळेने स्वतःच वाढवून घेतलेली असतात: तीच माहिती तीन वह्यांत, प्रत्येक उपक्रमाचे फोटो, सजावट, कुणी न वाचणारे अहवाल. ही दुसऱ्या प्रकारची कामे त्याच बैठकीत बंद करा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता माहितीचे काम. युडायस प्लस आणि सरल ही सरकारी पोर्टले, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्ती, गणवेश, बँक खाती; यातले काही टळणार नाही. पण माहिती पुन्हा पुन्हा तीच मागितली जाते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जूनमध्येच एक पक्की फाइल करा: वर्गवार आणि प्रवर्गवार पट, जन्मतारखा, आधार, खाते क्रमांक, खोल्या, शौचालये, वीज, पाणी. दर महिन्याच्या अखेरीस एकदा ती दुरुस्त करा. कुणी काही मागितले की त्यातून उतरवून द्यायचे, वर्गावर जाऊन पुन्हा विचारायचे नाही. आणि हे काम करायची वेळ ठरवा. शेवटच्या तासानंतरचा अर्धा तास किंवा आठवड्यातली एक जादा तासिका असली तरी चालेल, पण वर्ग चालू असताना नको. तांदळाची गाडी आली तर स्वयंपाकी-मदतनीस आणि तुम्ही कट्टे मोजा. शाळा व्यवस्थापन समितीतला एखादा पालक आनंदाने उभा राहतो, मी पाहिले आहे.

तुमच्या तरुण शिक्षकाचे मूळ इथेच असावे. खान्देशात काय, महाराष्ट्रभर हेच चालते: 'सर, तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना?' म्हणत शाळेची सगळी ऑनलाइन कामे एका पोरावर येऊन पडतात. तो शिक्षणसेवक असेल तर पहिली तीन वर्षे महिन्याला १६,००० रुपये मानधन, वर नेटवर्कसाठी संध्याकाळी टेकडीवर जाऊन बसणे. दिवसभरात त्याचा वर्ग दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असतो. मग 'माझ्याने भलं होत नाही' असे त्याला वाटले तर नवल नाही. ऑनलाइन कामे पाच जणांत वाटा. ज्यांना येत नाहीत त्यांना त्यानेच दोन शनिवारी शिकवावे, आणि त्या बदल्यात त्याची माहितीची कामे वर्षभरासाठी निम्मी करा. पन्नाशीच्या सरांना मोबाइलवर नोंद भरणे जमते. आजवर त्यांना कुणी नीट बसून शिकवलेले नसते. या पोराला एक वर्ग पूर्ण वर्षभर द्या, मधे बदलू नका. मार्चमध्ये आपल्याच हाताखाली वाचायला शिकलेली मुले त्याला दिसली पाहिजेत.

व्हॉट्सअॅपबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घर आणि शाळा यांच्यातली भिंत तिथेच पडली आहे. रात्री साडेदहाला तालुक्याच्या ग्रुपवर संदेश पडतो, 'उद्या सकाळी नऊपर्यंत माहिती सादर करावी.' केंद्राच्या ग्रुपवर तो पुढे जातो, तिथून शाळेच्या ग्रुपवर, आणि भाकरीचे पीठ मळत असलेल्या बाईंच्या फोनवर वाजतो. तालुक्याचा संदेश तुम्ही थांबवू शकत नाही. तो पुढे कधी पाठवायचा, हे मात्र तुमच्याच हातात आहे. संध्याकाळी सहानंतर शाळेच्या ग्रुपवर काही टाकायचे नाही, असा नियम करा आणि तो आधी तुम्ही पाळा. खरोखर तातडीचे असेल, म्हणजे मूल सापडत नाही, अपघात झाला, अतिवृष्टीमुळे उद्या शाळा बंद आहे, तर फोन करा. बाकी सगळे सकाळी. ज्या माहितीसाठी तुमची पक्की फाइल पुरते, ती रात्रीच तुम्ही एकटीने पाठवू शकता. कुणाला कळायचीही गरज नाही. सहा महिने हे पाळले गेले की शिक्षक फोन उशाशी घेऊन झोपायचे थांबतात.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या, म्हणजे बोलताना आवाज कापत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार शिक्षकाला तीनच अशैक्षणिक कामे देता येतात: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि त्या तासांत पाठाची तयारीही धरलेली आहे. तयारी म्हणजे रात्री घरी करायचे काम नव्हे, ती नोकरीच्या वेळेतली गोष्ट आहे. शालेय शिक्षण विभागानेही ऑगस्ट २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामे वेगळी करणारा शासन निर्णय काढला. त्याची प्रत कार्यालयात ठेवा. यादीबाहेरचे काम आले तर भांडू नका. 'हे काम कोणत्या आदेशान्वये, कृपया लेखी कळवावे' एवढे एक ओळीचे पत्र नम्रपणे द्या. पुष्कळ कामे त्या एका ओळीपाशीच थांबतात.

मतदार यादीचे, म्हणजे बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम मात्र निवडणुकीत मोडते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितले की शिक्षकांना मतदार यादी आणि निवडणुकीची कामे सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, शिकवण्याच्या वेळेत शक्यतो देऊ नयेत. मुलांच्या दृष्टीने हा फार चांगला निकाल आहे. पण त्याची किंमत शिक्षक आपल्या रविवारने मोजतो, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तुमच्या शाळेत जो बीएलओ असेल त्याचे दोन-तीन महिने घरी सुट्टी अशी नसतेच. त्या काळात त्याच्याकडून शाळेची इतर जादा कामे काढून घ्या, स्नेहसंमेलन दुसऱ्याकडे द्या. जनगणनेच्या वेळीही हेच करा. तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे नेमकी वार्षिक परीक्षांच्या आधीची घाई. कामे कशी वाटायची ते दिवाळीनंतरच ठरवून टाका.

तुमच्या आजारी पडणाऱ्या बाईंबद्दल एक प्रश्न विचारते, रागावू नका. शाळेत शिक्षिकांसाठी कडी लागणारे, पाणी असलेले शौचालय आहे का? कागदावर नव्हे, रोज वापरता येईल असे? मी फिरलेल्या कित्येक शाळांत बाया सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी परतेपर्यंत पाणीच पीत नाहीत. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो, वर पत्र्याची खोली. मग लघवीचा संसर्ग, डोकेदुखी, पाळीच्या दिवसांत रजा. लोक म्हणतात, 'मॅडम नाजूक आहेत.' बाई नाजूक नाहीत, तहानलेल्या आहेत. समितीच्या निधीतून सगळ्यात आधी कडी, बादली, टाकीचा नळ आणि झाकणाचा डबा एवढे करून घ्या. तुम्ही बाई आहात. हे तुमच्याजवळ बोलणे त्यांना सोपे जाईल, पण विषय तुम्हीच काढावा लागेल.

घशाचेही तसेच. मोठ्या आवाजात सलग चार तास बोलून आवाज बसतो, आणि बसलेल्या आवाजाने मुलांना आवरताना चिडचिड वाढते. तुमच्या ओरडणाऱ्या सरांचा घसा एकदा कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवायला सांगा. लागोपाठ दोन तास पाठांतराचे आणि मोठ्याने वाचनाचे नकोत; मधे लेखन किंवा गटकाम ठेवा. सकाळच्या शाळेच्या दिवसांत शेवटचा तास कुणालाही नव्या पाठाचा देऊ नका.

रजेचे बोलू. दोन शिक्षकी शाळेत एकाने रजा घेतली की दुसऱ्याच्या पदरात चार इयत्ता पडतात. त्यामुळे माणूस ताप अंगावर काढतो, आणि मग तीन दिवसांची रजा पंधरा दिवसांची होते. तुमच्याकडे सहा जण आहेत, तुम्हाला सोपे आहे. प्रत्येक वर्गासाठी एक पेटी भरून ठेवा: कार्यपत्रिका, गोष्टींची पुस्तके, चित्रवाचन, खेळ, दोन दिवस पुरेल एवढे. शिक्षक आला नाही तर शेजारच्या वर्गाचा शिक्षक पेटी उघडतो आणि मुले कामाला लागतात. रजेचा अर्ज आला की 'का?' असे चारचौघांत विचारू नका. महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, हे अनेक बायांना माहीत असते. 'शाळेचं काय होईल' या भीतीने त्या मागत नाहीत. मुलीची दहावी आहे हे तुम्हाला माहीत असेल तर तुम्हीच सुचवा.

बैठका शाळेच्या वेळेत घ्या. पाचला सुटणाऱ्या शाळेत साडेपाचपर्यंत बैठक लांबली की बाईंची एसटी चुकते, मग काळीपिवळीची वाट बघत फाट्यावर उभे राहणे, घरी अंधारात पोचणे, त्यानंतर स्वयंपाक. अपडाऊन करणाऱ्यांबद्दल गावात आणि वरिष्ठांत नाराजी असते, मुख्यालयी राहण्याचा नियमही आहे. पण जोवर वस्तुस्थिती ही आहे, तोवर बैठकीची वेळ एसटीच्या वेळेवरून ठरवण्यात कमीपणा नाही.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली वर्षाच्या चक्राची. कापूस वेचणीला आणि ऊसतोडीला घरे उठली की वर्ग ओस पडतात, आणि हजेरी कमी म्हणून शिक्षकाला जाब द्यावा लागतो. ज्यावर त्याचा ताबा नाही त्याचा दोष त्याच्या माथी येऊ देऊ नका. स्थलांतराची नोंद गावच्या लोकांच्या सह्यांनिशी करून ठेवा. कानबाईला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), या आपल्या सणांना घरी जायची ओढ सगळ्यांनाच असते. पावरा-भिल्ल वस्तीच्या शाळांत होळी आणि तिच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत मुलेच येत नाहीत. त्या त्या दिवसांची स्थानिक सुट्टी अधिकारात बसत असेल तिथे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून घ्या.

दुसरी परजिल्ह्यातून आलेल्यांची. नंदुरबारच्या डोंगराळ भागात, धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे, मराठवाड्यातून आलेली पोरे-पोरी वर्षानुवर्षे आंतरजिल्हा बदलीची वाट बघत एकटी राहतात. पहिलीतली मुले पावरी किंवा भिली बोलतात, शिक्षकाला त्यातले अक्षर कळत नाही. शिकवलेले पोचत नाही आणि संध्याकाळी बोलायला माणूस नाही. अशा शिक्षकाला पहिल्या महिन्यात गावातल्या एका घराशी जोडून द्या, जिथे तो हक्काने चहाला जाईल. बोलीतले रोजचे शब्द अंगणवाडीताईंकडून शिकू द्या. पाणी, भूक, दुखते, ये, बस. एवढ्यानेही वर्ग बदलतो, आणि माणूसही.

आपल्याकडे असे काही म्हटले की कुणीतरी साने गुरुजींचे नाव काढतेच. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते, छात्रालयातली मुले त्यांनी आईसारखी सांभाळली. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, आणि म्हणूनच हे सांगते: गुरुजींना स्वतःचा संसार नव्हता, आणि मुलांसाठी दिलेला त्यांचा वेळ मुलांपाशीच जात होता. आजच्या शिक्षकाचा वेळ आपण पोर्टलला देतो आणि वर त्याला गुरुजींची आठवण करून देतो. हे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. तुमच्या बैठकीत कुणी हे बोलले तर प्रेमाने पण स्पष्ट थांबवा.

काही गोष्टी करूच नका. सक्तीची योगासने, 'आनंदी शिक्षक' स्पर्धा, त्याचे फोटो, त्याचा अहवाल. ज्याला योग आवडतो तो करतोच.

आणि एक सीमा ओळखा. कुणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, दारू वाढली असेल, 'जगून काय करायचं' अशी वाक्ये येऊ लागली असतील, तर ते तुमच्या समजावण्याचे प्रकरण राहत नाही. त्या माणसाला एकट्याला भेटा, आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारा; विचारल्याने विचार वाढत नाहीत. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जावे. हे स्टाफरूममध्ये एका शब्दानेही निघता कामा नये. आपल्याकडे 'डोकं फिरलंय' म्हणायला लोकांना वेळ लागत नाही, आणि एकदा तसे म्हटले गेले की तो माणूस पुन्हा मदत मागत नाही.

शेवटी तुम्ही विचारले आहे की वरून विचारणा झाली तर काय सांगू. केंद्राच्या शिक्षण परिषदेत स्वतःच विषय मांडा, पण तक्रार म्हणून नको. तो आठवड्याचा कागद घेऊन जा. 'आमच्या शाळेत तिसरीच्या वर्गाचे गणिताचे इतके तास या या कारणांनी मोडले. माहिती मागताना किमान दोन दिवसांची मुदत मिळावी आणि एकच माहिती एकदाच मागावी, अशी विनंती आहे.' याखाली केंद्रातल्या जितक्या मुख्याध्यापकांच्या सह्या मिळतील तितक्या घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. त्यांच्यावरही वरून तोच दाब असतो. मुलांच्या तासांचा हिशेब हातात असला तर त्यांनाही वर बोलता येते. कागद भरायला येत्या सोमवारपासूनच द्या, आणि तुमचा स्वतःचाही एक भरा.